गेरूवर पृथ्वीचं ओझं

रत्नागिरीत दोन समुद्र आहेत, पांढरा आणि काळा. पाणी अर्थातच एकच, रंग वाळूचा. लहानपणी आम्ही जुन्या स्पीकरचं चुंबक सुतळीला बांधून मांडवीच्या काळ्या वाळूतून ओढायचो. वर काढलं की चुंबकाला दाढी फुटलेली असायची. ती ओरबाडून कागदावर घ्यायची आणि कागदाखालून चुंबक फिरवायचं. काळे कण उभे राहून चालायला लागत, आणि तेवढ्यावर अख्खी दुपार निघून जाई.

तेच चुंबक घरी आणून तुळशीवृंदावनाला लावायच्या गेरूच्या पुडीत बुडवलं, तर काहीच होत नसे. थोडी लाल पूड लागायची, तीही फुंकर मारली की उडायची. काळ्या वाळूतले चुंबकाला चिकटणारे कण म्हणजे मॅग्नेटाइट. गेरूचा लाल रंग हेमटाइटचा. दोन्हींत लोखंड आणि ऑक्सिजन याशिवाय तिसरं काही नाही. मग एक चिकटतो आणि दुसरा का नाही?

हा प्रश्न इतक्या वर्षांनी पुन्हा डोक्यात आला तो मोबाइलवर येणाऱ्या मथळ्यांमुळे. ‘पृथ्वीच्या पोटात सहाशे किलोमीटरवर चुंबकीय खडक’, ‘प्रचंड दाबाखाली गंज झाला धातू’ असं काहीबाही अधूनमधून येत असतं. बातमी वाचून संपते तरी कळत नाही, की दाब दिला म्हणून चुंबकत्व का बदलावं? दाबली की वस्तू लहान होते, इतकंच ना?

नाही, इतकंच नाही. म्हणून हा लेख.

## एकाच घरातले तिघे

लोखंडाचे ऑक्साइड बरेच आहेत, पण आपल्याला तिघांशी काम आहे. एका लोखंडाला जवळपास एक ऑक्सिजन असेल तर वुस्टाइट. तीन लोखंडांना चार ऑक्सिजन असतील तर मॅग्नेटाइट. दोन लोखंडांना तीन ऑक्सिजन असतील तर हेमटाइट. गेरू हेमटाइटचा, जांभ्याच्या लाल रंगात त्याचा मोठा वाटा, आणि गोव्याच्या किंवा गडचिरोलीतल्या सुरजागडच्या खाणींतून निघतं ते खनिजही मुख्यतः हेच. खिडकीच्या गजावरचा गंज याच कुटुंबातला, फक्त त्यात पाणी मुरलेलं असतं.

घटक कोणते यापेक्षा मांडणी कशी, यावर इथे सगळं अवलंबून असतं. जुन्या ऑडिओ कॅसेटची तपकिरी फीत आठवते? तिच्यावर लोखंडाच्या ऑक्साइडचाच थर असे, आणि तिथेही प्रमाण गेरूचंच: दोनाला तीन. पण अणू वेगळ्या रीतीने रचलेले, म्हणून ती फीत चुंबकाने गाणी लक्षात ठेवी आणि गेरू काहीच लक्षात ठेवत नाही. (अगदीच काही नाही असं नाही, त्याकडे येऊ.)

दाब नेमकी ही मांडणी बदलतो. अणूंची तर बदलतोच, पण खरी गंमत अणूच्या आत, इलेक्ट्रॉन बसण्याच्या पद्धतीत आहे.

## एसटीत बसून पाहा

प्रत्येक इलेक्ट्रॉन हा एक चिमुकला चुंबक असतो. या गुणाला ‘स्पिन’ म्हणतात. त्याला दोनच दिशा, वर किंवा खाली. दोन इलेक्ट्रॉन एका जागी बसले तर एकाचा स्पिन वर आणि दुसऱ्याचा खाली असावाच लागतो. म्हणजे जोडी जमली की चुंबकत्व फिटलं.

लोखंडाच्या अणूत आपल्या कामाची बाकं पाच. प्रत्येक बाक दोघांचं. हेमटाइटमधल्या लोखंडाकडे या पाच बाकांसाठी पाच इलेक्ट्रॉन असतात, वुस्टाइटमध्ये सहा.

आता डेपोतून सुटणारी रिकामी एसटी डोळ्यांपुढे आणा. पाच बाकं, पाच अनोळखी प्रवासी. कोण कुठे बसेल? प्रत्येकजण वेगळं बाक धरेल. रिकामं बाक असताना परक्याला खेटून बसणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. इलेक्ट्रॉनही असेच वागतात. एकेकटे बसलेले पाच इलेक्ट्रॉन, पाचांचे स्पिन एकाच दिशेला. असा अणू चांगला दमदार चुंबक असतो. याला ‘उच्च स्पिन’ म्हणू.

पण पाचही बाकं सारखी नसतात. लोखंडाच्या अणूभोवती सहा बाजूंना सहा ऑक्सिजन असतात. पाचातली दोन बाकं थेट ऑक्सिजनच्या दिशेने तोंड करून, आणि ऑक्सिजनकडेही इलेक्ट्रॉन असल्याने तिथे ढकलाढकल होते. ही दोन बाकं म्हणजे एसटीतल्या मागच्या चाकावरच्या सीटा. रस्ता गुळगुळीत असेल तर माणूस म्हणतो, चालेल, हादरे बसले तरी एकट्याला ऐसपैस आहे.

रस्ता खराब झाला की हिशोब बदलतो.

दाब वाढतो तसे ऑक्सिजन लोखंडाच्या जवळ येतात आणि मागच्या दोन बाकांवर बसणं महाग होत जातं. एका हद्दीपर्यंत इलेक्ट्रॉन सोसतात. मग ठरवतात, की इथे आदळत राहण्यापेक्षा पुढे कोणाला तरी खेटून बसलेलं बरं. वुस्टाइटमधल्या लोखंडाचे सहा इलेक्ट्रॉन पुढच्या तीन बाकांवर तीन जोड्या करून बसतात. सगळे स्पिन फिटले, अणूचं चुंबकत्व शून्य. हेमटाइटमध्ये पाचांच्या दोन जोड्या होतात आणि एकच एकटा उरतो. याला ‘निम्न स्पिन’ म्हणतात. मागची बाकं रिकामी झाली की अणूही जरा अंग चोरतो, त्याचा आकार घटतो. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे भूकंपाच्या लहरींपर्यंत जायचं आहे.

पृथ्वीच्या पोटात असं घडत असावं, हे डब्ल्यू. एस. फाइफ या भूरसायनशास्त्रज्ञाने १९६० साली कागदावर मांडलं. प्रत्यक्ष मोजमाप यायला चाळीसहून जास्त वर्षं गेली. २००३ मध्ये जेम्स बद्रो आणि सहकाऱ्यांनी फेरोपेरिक्लेज या खनिजात हा बदल पाहिला. फेरोपेरिक्लेज म्हणजे मॅग्नेशियमच्या ऑक्साइडमध्ये वुस्टाइट मुरलेलं. खोल पृथ्वीत विपुलतेने त्याचा नंबर दुसरा लागतो.

## मग गेरू चुंबकाला का चिकटत नाही?

आत्ताच तर म्हटलं की हेमटाइटचा प्रत्येक लोखंडी अणू दमदार चुंबक आहे. बरोबर. पण शेजारचा अणूही तेवढाच दमदार आणि त्याचं तोंड बरोबर उलटं. ही बरोबरीची रस्सीखेच आहे. दोन्हीकडे पैलवान, तरी दोर जागच्या जागी. फक्त हेमटाइटमधल्या या दोन फळ्या अगदी शंभर टक्के विरुद्ध नाहीत, किंचित तिरप्या आहेत. त्या तिरपेपणातून जी चिमूटभर शिल्लक उरते तेवढंच गेरूचं चुंबकत्व. मॅग्नेटाइटमध्ये दोन फळ्या असमान आहेत, एका बाजूला माणसं जास्त, म्हणून शिल्लक भरघोस. वजनाला वजन धरलं तर मॅग्नेटाइट हेमटाइटपेक्षा दोनशेच्या आसपास पट जोरदार.

इथे एक फरक मनात पक्का करायला हवा, नाहीतर पुढचं सगळं गुंत्यात जाईल. अणूचं स्वतःचं चुंबकत्व वेगळं आणि अणूंची आपसातली शिस्त वेगळी. लेझीम पथक घ्या. प्रत्येकाच्या हातात लेझीम आहे, ते अणूचं चुंबकत्व. सगळे एका तालावर आहेत, ती शिस्त. उष्णता वाढली की ताल बिघडतो. लेझमा हातातच असतात, पण जो तो आपल्या मनाने वाजवतोय. मॅग्नेटाइटचा ताल सुमारे ५८० अंश सेल्सिअसला तुटतो, हेमटाइटचा ६७५ च्या आसपास. निम्न स्पिनमध्ये प्रकार वेगळा आहे. तिथे हातातली लेझीमच काढून घेतली जाते.

## वीज न वाहणारं लोखंड

लोखंड वीज वाहून नेतं, त्याचा गंज नेत नाही. हे आपण इतकं गृहीत धरतो की त्यात काही कोडं आहे असं वाटतच नाही. पण विसाव्या शतकात पदार्थविज्ञानाचा नवा सिद्धान्त आला त्या हिशोबाने वुस्टाइट आणि त्याच्यासारखे निकेलचे ऑक्साइड धातू असायला हवे होते. बाकं अर्धवट भरलेली आहेत, मग इलेक्ट्रॉनांनी मोकळं फिरायला हवं. ते फिरत नाहीत. १९३७ मध्ये डी बोअर आणि फेरवे या डच शास्त्रज्ञांनी या विसंगतीवर बोट ठेवलं. ब्रिटनच्या नेव्हिल मॉट यांनी त्याचा जो उलगडा केला त्यावरून अशा पदार्थांना ‘मॉट विद्युतरोधक’ म्हणतात. मॉट यांना १९७७ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

उलगडा चाळीत राहिलेल्या माणसाला लगेच कळेल. प्रत्येक खोलीत माणसं आधीच ठासून आहेत. शेजारच्या खोलीत जायला दार आहे, पण तिथे पाऊल टाकलं की ती खोली एकाने जास्त भरते आणि इलेक्ट्रॉनांना एकमेकांचा शेजार मुळीच सोसत नाही. त्यामुळे जो तो आपल्या खोलीत. रस्ता बंद म्हणून वाहतूक थांबलेली नाही. पलीकडे नको असलेली गर्दी आहे म्हणून थांबलेली आहे.

दुसरीकडे, मोकळं फिरण्यात इलेक्ट्रॉनाचा ऊर्जेचा फायदाही असतो. खोल्या लांब लांब असतील तर तो फायदा थोडा, गर्दीचा तोटा मोठा. दाब दिला की खोल्या एकमेकींत घुसू लागतात, मधल्या भिंती पातळ होतात आणि फिरण्याचा फायदा वाढत जातो. एका टप्प्याला तो तोट्यावर मात करतो. भिंती पडल्या, चाळीचा एकच दिवाणखाना झाला, इलेक्ट्रॉन सुटले आणि पदार्थ धातू झाला.

आता आकडे सांगायला हरकत नाही. त्यासाठी एकक हवं: गिगापास्कल, म्हणजे आपल्या हवेच्या दाबाच्या सुमारे दहा हजार पट. प्रेशर कुकरच्या शिटीच्या वेळी आत हवेच्या साधारण दुप्पट दाब असतो. मारियाना गर्तेच्या तळाशी, अकरा किलोमीटर पाण्याखाली, ०.११ गिगापास्कल. पृथ्वीचं प्रावरण, म्हणजे कवचाखालचा खडकांचा जाड थर, जिथे संपतं आणि लोखंडी गाभा सुरू होतो, म्हणजे २,९०० किलोमीटर खोल, तिथे सुमारे १३५. पृथ्वीच्या केंद्राशी ३६० च्या घरात.

वुस्टाइटबद्दल २०१२ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं, की सुमारे ७० गिगापास्कल दाब आणि १,६०० अंशांच्या आसपास तापमान असलं की ते धातू होतं, तेही अणूंची रचना न बदलता. सगळे अणू आपापल्या जागी, फक्त इलेक्ट्रॉनांनी घर सोडलं.

हेमटाइटची कहाणी मला जास्त आवडते, कारण तिथे शास्त्रज्ञांना आपलंच म्हणणं दुरुस्त करावं लागलं. १९९९ मध्ये असं मोजलं गेलं, की ५० गिगापास्कलच्या आसपास हेमटाइट झटक्यात आक्रसतं, धातू होतं आणि त्याचं चुंबकत्व कोसळतं. सगळं एकदम, एकाच झटक्यात, अशी समजूत झाली. २०१८ मध्ये जास्त बारकाईने पाहिलं तेव्हा उघड झालं, की ५० ला फक्त अर्धे अणू फितुर होतात! नव्या रचनेत लोखंडाला दोन तऱ्हेच्या जागा असतात. एका तऱ्हेच्या जागेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन मोकळे सुटतात, दुसऱ्या जागेतले अणू आपला जुना उच्च स्पिन धरून बसतात. एकाच स्फटिकात अर्ध्या चाळीच्या भिंती पडलेल्या आणि अर्ध्या उभ्या. उरलेले अर्धे सामील व्हायला ६८ गिगापास्कलपर्यंत दाब वाढवावा लागतो.

धातू होणं आणि चुंबकत्व जाणं ही तशी दोन वेगळी कामं आहेत. कधी ती हातात हात घालून येतात, कधी नाही. बातम्यांमध्ये त्यांची सर्रास भेसळ होते.

## पण इतका दाब आणतात कसा?

मोठं यंत्र लागत असेल, असंच कोणालाही वाटेल. खरं तर ते तळहातावर मावतं.

टाचणीची युक्ती आहे. तोच अंगठा, तेवढाच जोर. टोकाची जागा इवलीशी म्हणून टाचणी घुसते. दोन हिरे घ्यायचे, त्यांची टोकं घासून सपाट करायची आणि समोरासमोर दाबायची. सपाट टोकाचा व्यास ०.१ मिलिमीटर धरा. त्यावर एका क्विंटलच्या पोत्याचं वजन टाकलं तर ढोबळ हिशोबाने १२५ गिगापास्कल दाब येतो. तांदळाचं एक पोतं, आणि आपण गाभ्याच्या उंबऱ्याशी! प्रत्यक्षात पोतं नसतं, काही स्क्रू असतात आणि ते पान्याने हळूहळू आवळतात. दोन टोकांच्या मध्ये धातूची पातळ पट्टी, तिला सुईच्या टोकाएवढं भोक, भोकात नमुन्याचा कण आणि सोबत माणकाचा कण. माणकावर लेसर टाकला की ते लाल उजळतं आणि दाबानुसार त्या लालीची छटा सरकते. तोच दाबमापक.

हे यंत्र १९५८ च्या सुमारास अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत तयार झालं. त्यासाठीचे हिरे सरकारने चोरट्या व्यापाऱ्यांकडून जप्त केलेले होते. सरकारी तिजोरीत पडून असलेला माल विज्ञानाच्या कामी आला, आणि त्यातले काही प्रयोगात फुटलेही. आपल्याकडे ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात हिऱ्यांच्या अशा यंत्रांवर अनेक वर्षांपासून काम चालतं, आणि क्ष-किरणांसाठी इंदूरला इंडस-२ हे मोठं वर्तुळाकार यंत्र आहे.

हिराच का? एक तर तो सर्वांत कठीण, पण तेवढंच महत्त्वाचं म्हणजे तो पारदर्शक असतो. प्रकाश, क्ष-किरण, गॅमा किरण आरपार जातात, त्यामुळे कण दाबात असतानाच त्याची चौकशी करता येते.

चुंबकत्वाच्या चौकशीसाठी जी पद्धत वापरतात ती जर्मनीच्या रुडॉल्फ मॉसबाउअर यांनी १९५८ मध्ये शोधली. तीन वर्षांत नोबेल. लोखंडाच्या दर शंभर अणूंत दोनेक अणू जरा वजनदार असतात. त्यांचं केंद्रक एका नेमक्या सुराचेच गॅमा किरण शोषतं, तंबोऱ्याची तार लावलेल्या सुरालाच झंकारते तसं. अणूभोवती चुंबकीय क्षेत्र असेल तर त्या एका सुराचे सहा होतात. सूर किंचित वरखाली करण्यासाठी किरणांचा स्रोत पुढेमागे हलवतात, आगगाडीची शिटी जवळ येताना चढी आणि दूर जाताना उतरती वाटते त्याच तत्त्वाने. वेग किती? सेकंदाला काही मिलिमीटर. मुंगीसुद्धा यापेक्षा भराभर चालते. पडद्यावर सहा खाचा दिसल्या की चुंबकत्व आहे, सहाच्या जागी एक-दोन उरल्या की गेलं. आजकाल मोठ्या वर्तुळाकार यंत्रांतून येणाऱ्या क्ष-किरणांनी हेच काम जास्त झपाट्याने होतं.

## दाबाने चुंबकत्व जातं, तर सहाशे किलोमीटरवर ते राहिलं कसं?

हा आक्षेप रास्त आहे. मथळे वाचून माझाही गोंधळ झाला होता.

उत्तर लेझीम पथकात आहे. दाब दोन कामं करतो. थोडा असेल तर पथकातली माणसं जवळ येतात, एकमेकांचा ठेका नीट ऐकू येतो आणि ताल अधिक टिकतो. म्हणजे शिस्त मोडायला जास्त उष्णता लागते. दाब फारच वाढला तर हातातली लेझीमच जाते. सहाशे किलोमीटरवर दाब वीस-बावीस गिगापास्कल असतो. हेमटाइटच्या ५० पासून तो बराच दूर आहे. तिथे दाबाचं पहिलं काम चालू असतं, दुसरं अजून सुरूही झालेलं नसतं.

राहिला प्रश्न उष्णतेचा. तेवढ्या खोलीवर प्रावरण दीड हजार अंशांच्या पुढे असतं, तिथे कुठलाच ताल टिकणार नाही. पण पश्चिम पॅसिफिकखाली समुद्राच्या तळाचे थंड, जुने भूपट्ट तिरपे खाली घुसत आहेत. गरम तेलात बर्फाची लादी सरकवावी तसे. ते आतून गरम व्हायला लाखो वर्षं लागतात. २०१९ मध्ये युरोपातल्या एका चमूने हेमटाइटला हिऱ्यांमध्ये दाबून, लेसरने तापवून ‘नेचर’ नियतकालिकात निष्कर्ष मांडला, की सुमारे ९२५ अंशांपर्यंत ते चुंबकीय राहू शकतं, आणि अशा थंड भूपट्टांत ४१० ते ६६० किलोमीटरच्या पट्ट्यात तेवढंच तापमान असू शकतं. तोवर प्रावरणाला चुंबकीयदृष्ट्या मृत धरायची रीत होती.

याचा अर्थ होकायंत्र त्या हेमटाइटमुळे फिरतं असा मात्र नाही. पृथ्वीचं मुख्य चुंबकीय क्षेत्र बाह्य गाभ्यातल्या वितळलेल्या, घुसळणाऱ्या लोखंडातून येतं. तो कायमचा चुंबक नाही, जनित्र आहे. खडकांचा वाटा त्यापुढे फार लहान. पण लहान म्हणून सोडून देता येत नाही, कारण मापनं अतिशय नाजूक असतात. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला हलवावी लागली होती. ट्रामच्या विजेने ज्यांच्या सुया हलतात त्यांना अख्ख्या भूपट्टातल्या हेमटाइटचा विचार करावाच लागेल.

धातू झालेल्या वुस्टाइटचा धागा इथेच जोडला जातो. गाभ्याच्या सीमेवर, प्रावरणाच्या तळाशी, लोखंडाने समृद्ध ऑक्साइडचे वीजवाहक पट्टे असतील तर गाभ्याचं चुंबकीय क्षेत्र त्यांच्यात अडकेल आणि प्रावरणाला किंचित खेचेल. दिवसाची लांबी दशकांच्या काळात काही मिलिसेकंदांनी कमीजास्त होत असते. त्यामागच्या कारणांत या ओढाताणीचंही नाव घेतलं जातं.

## धुळीच्या कणावरून पृथ्वीचं सांगायचं?

माणसाने खणलेलं सर्वांत खोल भोक रशियातल्या कोला द्वीपकल्पावरचं, १२,२६२ मीटर. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. आंब्याची साल भेदून जाण्याइतकीही आपली मजल नाही. मग हिऱ्यातल्या कणावरून एवढ्या गप्पा कशाच्या जोरावर?

भूकंपाच्या लहरींच्या. त्या पृथ्वीच्या आरपार जातात, आणि कुठे जलद, कुठे संथ गेल्या यावरून आतल्या खडकाचा स्वभाव कळतो. निम्न स्पिनकडे जाताना लोखंडाचा अणू अंग चोरतो, हे लक्षात ठेवा म्हटलं होतं. तो बदल चालू असताना खनिज नेहमीपेक्षा सहज दबतं, काही काळ मऊ पडल्यासारखं. दाबत-सोडत जाणाऱ्या लहरी तिथे मंदावतात. खडकाला आडवं हलवत जाणाऱ्या लहरींना फारसा फरक पडत नाही. म्हणजे खोल प्रावरणात या दोन तऱ्हेच्या लहरींची चित्रं एकमेकांशी जुळू नयेत. २०२१ मध्ये जगभरच्या भूकंपनोंदींवरून काढलेल्या नकाशांत शास्त्रज्ञांना नेमकी अशी तफावत दिसली. हिऱ्यातल्या कणाने केलेलं भाकीत हजारो किलोमीटरच्या पृथ्वीने खरं केलं, असं म्हणायला हरकत नाही. अर्थात या नकाशांचा अर्थ लावण्यावर वाद होतच राहतात, आणि खऱ्या प्रावरणात एकच शुद्ध ऑक्साइड कुठे बसलेला नसतो. सगळी मिसळ असते.

खाली कोणती नवी खनिजं असतील याचाही अंदाज पुन्हापुन्हा चुकलेला आहे. पाठ्यपुस्तकात तीन ऑक्साइड शिकवत. दाबाखाली चार लोखंडांना पाच ऑक्सिजन असलेला ऑक्साइड २०११ मध्ये सापडला. २०१६ मध्ये तर एका लोखंडाला दोन ऑक्सिजन असलेला मिळाला, ७६ गिगापास्कल दाबाला. भूपट्टासोबत खाली गेलेल्या पाणीदार गंजापासून तो बनू शकतो आणि त्या गडबडीत हायड्रोजन सुटू शकतो, असं त्या शास्त्रज्ञांचं म्हणणं होतं. रसायनशास्त्राच्या मास्तरांनी फळ्यावर लिहून दिलेली सूत्रं जमिनीवरची आहेत, खाली त्यांचा अंमल ढिला होतो.

## क्षणभराचा दाब

दाब सावकाशच यावा लागतो असं नाही. बुलढाणा जिल्ह्यात लोणारला सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर आहे. उल्का बेसॉल्टवर आदळून झालेली अशी विवरं जगात मोजकीच. तिथल्या खडकातल्या काही खनिजांची त्या धक्क्यात, न वितळता, काच झाली. याला दहा-वीस नव्हे, त्याहूनही जास्त गिगापास्कल लागतात. क्षणाच्या अंशासाठी लोणारला शेकडो किलोमीटर खोलीवरचा दाब होता.

दख्खनच्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइटच्या जातीचे कण असतात. लाव्हा थंड होताना त्या वेळच्या उत्तर-दक्षिणेची खूण त्यांनी धरून ठेवली. सह्याद्रीच्या बऱ्याच कातळात ती आजच्या उलट आहे, कारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटे होते. १९५० च्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या लोकांनी हे खडक मोजले, आणि त्या काळी हा भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता हे सिद्ध करण्यात त्या कामाचा हात होता. उल्केचा धक्का अशी खूण पुसट करू शकतो, म्हणून लोणारचे खडक चुंबकत्वाच्या अभ्यासकांना हवे असतात. मंगळावर हेलास नावाचं २,००० किलोमीटरहून मोठं आघातविवर आहे. भोवतालच्या जुन्या कवचात चुंबकत्व आहे आणि विवराच्या आत ते जवळपास नाहीच. उल्का आदळली तेव्हा मंगळाचं जनित्र बंद पडलेलं असणार; नाहीतर तापलेले, हादरलेले खडक पुन्हा नव्याने चुंबकीय झाले असते. असा साधारण तर्क आहे.

## हे धातूचं गेरू हातात घेता येईल का?

शेवटचा प्रश्न बहुधा हाच येतो, त्यातही दागिन्यांचं दुकान असलेल्या एका नातेवाइकाकडून मला आलाच. दाबून केलेला हिरा बाहेर हिराच राहतो, मग दाबून केलेला हा धातू बाजारात का नाही?

हिरा नशीबवान, त्याची रचना दाब काढल्यावरही अडकून बसते. हेमटाइटची बसत नाही. स्क्रू उलटे फिरवायला लागलं की माणकाची लाली मागे सरकते, इलेक्ट्रॉन आपापल्या खोल्यांत परततात, मागच्या चाकावरची बाकं पुन्हा भरतात. पडद्यावर सहा खाचा उमटतात. हिरे वेगळे केले की भोकात उरतो तो गेरूचा कण, आणि स्पीकरचं चुंबक जवळ नेलं तर तो पूर्वीसारखाच ढिम्म हलत नाही.